कमांड लाइन आणि गिट: नवशिक्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

इंजिनिअरिंग, बीसीएस, बीसीएची मुलं, पहिल्या नोकरीत नुकतेच रुजू झालेले आणि शाळेत संगणक शिकवणारे काही शिक्षक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, पुढे अडचणीचे प्रसंग येतात. आत्ता काही अडलं असेल तर थेट तो प्रश्न गाठा. कमांड लाइन म्हणजे माउसऐवजी आज्ञा टाइप करून संगणक चालवायची पद्धत, आणि गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. `एलएस` म्हणजे एल आणि एस ही दोनच अक्षरं, `गिट स्टेटस` म्हणजे ते दोन पूर्ण शब्द. फक्त `हेड` हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. डॅश, टिंब आणि मोकळ्या जागा दिल्या आहेत तशाच ठेवा.

१. टर्मिनल, शेल, बॅश, कमांड लाइन ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का?

नाही. टर्मिनल म्हणजे डोळ्यांना दिसते ती खिडकी. त्या खिडकीत तुम्ही लिहिलेली ओळ वाचून ती कामाला लावणारा प्रोग्राम म्हणजे शेल. बॅश हा अशा शेलपैकी एक. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला हा शेल १९८९ मध्ये आला आणि बहुतेक लिनक्सवर आजही तोच असतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून झेडएसएच हा शेल मिळतो. विंडोजचा आपला पॉवरशेल वेगळा. या पानावरच्या कमांड बॅश आणि झेडएसएच दोन्हींत सारख्याच चालतात, त्यामुळे त्या दोघांतल्या फरकाची काळजी आत्ता करू नका.

२. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे. आधी लिनक्स टाकावं लागेल का?

गरज नाही. विंडोजसाठीचं गिट इन्स्टॉल केलं की त्यासोबत गिट बॅश येतं आणि रोजच्या कमांड त्यात चालतात. पुढे कधी खरं लिनक्स वातावरण लागलं तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) सुरू करता येतं.

एक सांगणं मात्र आग्रहाचं आहे. सुरुवातीचे काही आठवडे एकच खिडकी वापरा. सकाळी कमांड प्रॉम्प्ट, दुपारी पॉवरशेल, संध्याकाळी गिट बॅश असं केलं की एके ठिकाणी चाललेली कमांड दुसरीकडे चालत नाही आणि आपल्याला काही येतच नाही असं उगाच वाटू लागतं. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून त्यातही गिट चालवता येतं. छोट्या कीबोर्डवर बोटं दुखतील, पण सरावासाठी ते पुरेसं आहे.

३. पहिल्या दिवशी कोणत्या कमांड पाठ करू?

पाठ काहीच करू नका. दोन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: मी आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहे, आणि इथे काय काय आहे? पहिल्याचं उत्तर `पीडब्ल्यूडी` देते, दुसऱ्याचं `एलएस`. फोल्डर बदलायला `सीडी`, एक पायरी वर यायला `सीडी ..`, स्वतःच्या मुख्य फोल्डरमध्ये परतायला `सीडी ~`. नवीन फोल्डरला `एमकेडीआयआर`, कॉपीला `सीपी`, हलवायला किंवा नाव बदलायला `एमव्ही`. एवढ्यावर पहिला आठवडा सहज जातो.

कमांडपेक्षा दोन कळा जास्त कामाच्या आहेत. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबली की उरलेलं नाव शेल स्वतः भरतो, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका जवळजवळ संपतात. वरच्या बाणाने आधी दिलेल्या कमांड परत येतात. टॅब न वापरता शिकणारी मुलं दुप्पट वेळ घालवतात आणि त्यातला निम्मा स्पेलिंग दुरुस्त करण्यात जातो.

मराठीतून ऐकत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी आवाजात मोफत मिळतात. एक पाठ थोडक्या मिनिटांचा असतो. व्हिडिओ थांबवत, सोबत टाइप करत बघा.

४. कमांड दिली, पण काहीच झालं नाही. चाललं की नाही ते कसं कळणार?

युनिक्सच्या परंपरेत काम नीट झालं तर कमांड गप्प राहते. बोलते ती चूक झाली तरच. `सीपी` दिल्यावर काहीच न छापता नवी ओळ आली म्हणजे कॉपी झाली. खात्री हवी असेल तर `एलएस` करा. पासवर्ड लिहिताना ठिपकेही दिसत नाहीत, तेही मुद्दामच. पूर्ण लिहून एंटर दाबा.

नवी ओळ आलीच नाही तर प्रकार वेगळा आहे. ओळीच्या सुरुवातीला नुसतं `>` दिसत असेल तर तुमचं अवतरणचिन्ह उघडं राहिलंय. कंट्रोल आणि सी एकत्र दाबून बाहेर या. `गिट लॉग` नंतर खाली `:` किंवा `(एंड)` असं दिसत असेल तर फक्त क्यू दाबा. आणि `गिट कमिट` (बदलांची गिटमध्ये नोंद करणारी कमांड, प्र. ९ पाहा) दिल्यावर अनोळखी स्क्रीन येऊन काही लिहिताच येत नसेल, तर तो व्हिम नावाचा संपादक आहे: एस्केप दाबा, `:क्यू!` लिहा, एंटर. संदेश लिहून जतन करायचा असेल तर `:डब्ल्यूक्यू`. व्हिम टाळायचा असेल तर `गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर नॅनो` एकदाच द्या.

५. सरांच्या नोट्समधली कमांड जशीच्या तशी पेस्ट केली, तरी "कमांड नॉट फाउंड" येतं. का?

बहुतेक वेळा "जशीच्या तशी" इथेच घोळ असतो. नोट्समध्ये ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह असतं. इथून कमांड सुरू होते एवढंच ते सांगतं, ते लिहायचं नसतं. कमांड वर्डमधून किंवा वर्डमध्ये केलेल्या पीडीएफमधून आली असेल तर सरळ अवतरणचिन्हं बाकदार झालेली असतात आणि दोन डॅश जोडून एक लांब रेघ झालेली असते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, शेलला लगेच जाणवतो. ती चिन्हं खोडून स्वतःच्या कीबोर्डवरून पुन्हा लिहा.

कमांड अचूक असूनही हीच तक्रार आली तर तो प्रोग्राम इन्स्टॉल नाही, किंवा शेल ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतो त्या यादीत, म्हणजे पाथमध्ये, त्याचं फोल्डर नाही. नुकतंच इन्स्टॉल केलं असेल तर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. उघडी खिडकी जुनाच पाथ धरून बसलेली असते.

६. फाइल डेस्कटॉपवर समोर दिसतेय आणि टर्मिनल म्हणतं "नो सच फाइल". असं कसं?

आधी `पीडब्ल्यूडी`, मग `एलएस`. दहापैकी नऊ वेळा तुम्ही वेगळ्याच फोल्डरमध्ये असता. विंडोजवर तर समोर दिसणारा डेस्कटॉप अनेकदा वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत असतो, त्यामुळे नेहमीचा रस्ता भलत्याच डेस्कटॉपवर नेतो.

फोल्डर बरोबर असेल तर नाव तपासा. नावात मोकळी जागा असेल तर शेल त्याचे दोन शब्द करतो. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घाला. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे `यादी.टीएक्सटी` दिसणारी फाइल खरं तर `यादी.टीएक्सटी.टीएक्सटी` असू शकते. लिनक्सवर मोठी-लहान अक्षरंही वेगळी धरली जातात (त्याचा एक अवघड परिणाम प्र. २१ मध्ये आहे).

आणि गिटचं काम वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. गिटच्या आतल्या फाइली एकामागून एक झपाट्याने बदलतात, त्याच वेळी सिंक करणारा प्रोग्रामही त्यांना हात घालतो, आणि भांडार, म्हणजे गिटने ठेवलेला प्रकल्पाचा सगळा इतिहास, बिघडायची वेळ येते. मुख्य फोल्डरमध्ये एक साधं फोल्डर करा आणि सगळे प्रकल्प तिथे ठेवा.

७. `आरएम` ने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

सापडणार नाही, ती तिथे जातच नाही. ही कमांड वापरण्याआधी दोन गोष्टी करा. `आरएम -आय` दिलं तर प्रत्येक फाइलपूर्वी विचारणा होते. आणि तारांकन वापरणार असाल तर आधी तेच तारांकन `एलएस` ला देऊन काय काय पकडलं जातंय ते पाहा. `आरएम *.लॉग` लिहिताना तारांकनानंतर चुकून एक मोकळी जागा पडली तर "सगळं उडव, आणि .लॉगही उडव" असा अर्थ होतो.

फाइल आधी गिटमध्ये कमिट झालेली असेल तर काळजी नाही: `गिट रिस्टोअर` आणि फाइलचं नाव दिलं की शेवटच्या कमिटमधली प्रत परत येते.

८. गिट आणि गिटहब एकच ना? आणि गावी नेट नसताना गिट चालेल का?

गिट हा तुमच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, लिहिणारे लोक बिटकीपर नावाची प्रणाली वापरत होते. तिची मोफत परवानगी बंद झाली तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हमानो ते सांभाळतात. गिटहब ही गिटचे प्रकल्प ऑनलाइन ठेवायची, त्यानंतर २००८ मध्ये सुरू झालेली वेबसाइट. २०१८ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. गिटलॅब, बिटबकेट, कोडबर्ग अशा इतर जागाही आहेत. उद्या गिटहब वापरायचं सोडलं तरी तुमच्या फोल्डरमधला पूर्ण इतिहास तुमच्याकडेच राहतो.

म्हणूनच नेट फक्त क्लोन (प्रकल्प पहिल्यांदा उतरवणं), फेच (नवे बदल नुसते आणणं), पुल (ते आणून आपल्या कामात मिसळणं) आणि पुश (आपली कमिट वर पाठवणं) या चार वेळी लागतं. कमिट, ब्रँच (कामाची वेगळी शाखा), जुना इतिहास पाहणं हे सगळं रेंज नसलेल्या गावातही होतं. मोठा प्रकल्प कमी डेटात उतरवायचा असेल तर `गिट क्लोन --डेप्थ १` दिल्यास फक्त ताजी अवस्था येते, जुना इतिहास येत नाही.

९. ॲड आणि कमिट अशा दोन पायऱ्या कशाला? थेट सेव्ह का होत नाही?

हे एक समजलं की गिटचं बाकीचं निम्मं आपोआप उलगडतं, म्हणून इथे घाई करू नका.

तुमचं काम तीन ठिकाणी असू शकतं. पहिलं, फोल्डरमध्ये: तुम्ही फाइल बदलून सेव्ह केली, गिटने अजून काही टिपलेलं नाही. दुसरं, स्टेजिंगमध्ये: `गिट ॲड` देऊन तुम्ही सांगितलं की पुढच्या कमिटमध्ये हा बदल घ्या. तिसरं, इतिहासात: `गिट कमिट` झालं, आता ती नोंद कायम झाली.

समजा तुम्ही गणेश मंडळाची वेबसाइट सांभाळताय. एकाच बैठकीत विसर्जनाची वेळ दुरुस्त केली आणि पानाचा रंगही बदलून पाहिला. वेळेची दुरुस्ती आज जायलाच हवी, रंगाबद्दल कार्यकर्त्यांचं एकमत नाही. मधली पायरी असल्यामुळे फक्त वेळेची फाइल `ॲड` करून कमिट करता येते आणि रंगाचा बदल फोल्डरमध्ये तसाच राहतो. दोन्ही बदल एकाच फाइलमध्ये असतील तर `गिट ॲड -पी` द्या; गिट एकेक तुकडा दाखवून विचारतं.

`गिट ॲड .` मुळे सगळंच उचललं जातं, म्हणून ते देण्याआधी `गिट स्टेटस` बघा. काय बदललंय ते `गिट डिफ` दाखवतं, आणि ॲड झालेलं `गिट डिफ --स्टेज्ड`. मी नव्या माणसाला सांगतो की पहिले तीन महिने प्रत्येक कमांडनंतर `गिट स्टेटस` दे. ते फक्त पाहतं, काही बिघडवत नाही, आणि बऱ्याचदा पुढे काय करायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं.

१०. कमिट किती वेळा करावं? संदेश मराठीत लिहिला तर चालेल?

एक पूर्ण विचार झाला की एक कमिट. दिवसाअखेरीस चाळीस फाइलींचं एकच कमिट केलं तर त्यातला एक बदल मागे घेणं जिवावर येतं. जितकं वारंवार, तितकं निर्धास्त, कारण प्र. १९ मध्ये येईल.

मराठी संदेश बिनदिक्कत लिहा. गिट तो युनिकोडमध्ये ठेवतं आणि गिटहबवर तो नीट दिसतो. काही टर्मिनलांत मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटलेली दिसतात. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं म्हणून तसं होतं, आतला मजकूर शाबूत असतो. टीममध्ये मराठी न वाचणारे असतील तर अर्थातच त्यांना कळेल असं लिहा. भाषा कोणतीही असो, "अपडेट" किंवा "फायनल" हे संदेश नाहीत. "वर्गणीच्या बेरजेत मागच्या वर्षीची शिल्लक धरली जात नव्हती, ती धरली" असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी तुमचेच तुम्हाला उपकार वाटतील.

११. फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर `गिट स्टेटस` मध्ये नावाऐवजी तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. फाइल खराब झाली का?

फाइल ठीक आहे. इंग्रजीखेरीज इतर अक्षरं असलेली नावं गिट मुळात सांकेतिक आकड्यांत छापतं. `गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स` एकदा दिलं की मराठी नावं मराठीत दिसतात.

यात एक खाचखळगा मात्र खास आपला आहे. `शेतकऱ्यांची_यादी` सारख्या नावातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता म्हणून. एका कीबोर्डने एक प्रकार लिहिला आणि दुसऱ्याने दुसरा, तर दिसायला हुबेहूब सारखी पण गिटच्या लेखी वेगळी अशी दोन नावं तयार होऊ शकतात. म्हणून असं नाव हाताने लिहू नका, टॅबने भरून घ्या. अनेकांनी मिळून चालवायच्या प्रकल्पात मी फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवतो. आतला मजकूर मराठीत असायला काहीच अडचण नाही.

१२. कॉलेजच्या लॅबमध्ये मी कमिट केलं आणि गिटहबवर भलत्याच मुलाचं नाव आलं!

कमिटवर कोणाचं नाव लागतं हे लॉगिनवर ठरत नाही, गिटच्या सेटिंगमधल्या नाव-ईमेलवर ठरतं. आधी बसलेल्या विद्यार्थ्याने `--ग्लोबल` लावून स्वतःची माहिती भरली असेल तर पुढच्या सगळ्यांची कमिट त्याच्या खात्यावर पडतात. सामायिक संगणकावर प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन `--ग्लोबल` न लावता `गिट कॉन्फिग यूजर.नेम "तुमचं नाव"` आणि `गिट कॉन्फिग यूजर.ईमेल "तुमचा ईमेल"` द्या. ते तेवढ्याच प्रकल्पाला लागू होतं. शेवटचं कमिट दुरुस्त करायला `गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर` (पुश आधीच झालं असेल तर आधी प्र. १६ वाचा).

लॅबमधून उठण्याआधी विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली गिटहबची नोंद काढून टाका. ती राहिली तर पुढचा माणूस तुमच्या खात्यावर पुश करू शकतो. सार्वजनिक प्रकल्पात ईमेल सगळ्यांना दिसतो हेही ध्यानात ठेवा. तो झाकण्यासाठी गिटहबच्या सेटिंगमध्ये एक पर्यायी पत्ता मिळतो.

१३. पासवर्ड बरोबर असूनही पुश करताना गिटहब नाकारतं.

१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब टर्मिनलवरून खात्याचा पासवर्ड घेतच नाही. जुन्या व्हिडिओंत अजून ते दाखवतात, म्हणून गोंधळ होतो. विंडोजवर सर्वांत सोपं म्हणजे गिटसोबत येणारा क्रेडेन्शियल मॅनेजर: ब्राउझर उघडतो, तिथे लॉगिन करायचं. दुसरा मार्ग पासवर्डच्या जागी टोकन, म्हणजे गिटहबच्या सेटिंगमधून मिळणारा लांबलचक संकेत, देण्याचा. तिसरा एसएसएच किल्लीचा: `एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९` ने किल्लीची जोडी बनते, त्यातली `.पब` शेपटाची फाइल तेवढी गिटहबवर टाकायची. दुसरी फाइल मित्रालाही नाही, सरांनाही नाही.

१४. `.गिटइग्नोर` मध्ये नाव लिहिलं तरी ती फाइल गिट सोडत नाही. आणि रिकामं फोल्डर घेतच नाही!

`.गिटइग्नोर` फक्त गिटने अजून न उचललेल्या फाइलींना लागू होतं. आधीच कमिट झालेली फाइल सोडवायला `गिट आरएम --कॅश्ड` आणि फाइलचं नाव द्या, मग कमिट करा. तुमच्याकडची प्रत राहते, पण सहकाऱ्याने पुल केलं की त्याच्याकडची उडते, म्हणून त्याला आधी सांगा. फोल्डरचं म्हणाल तर गिट फाइलींची नोंद ठेवतं, फोल्डरची नाही. आत `.गिटकीप` नावाची रिकामी फाइल ठेवायची प्रथा आहे.

१५. एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून गिटहबवर गेली. लगेच डिलीट करून पुन्हा पुश केलं, आता ठीक ना?

नाही. ती जुन्या कमिटमध्ये जशीच्या तशी आहे आणि कोणीही पाहू शकतं. पहिलं काम म्हणजे जिथून ती की मिळाली तिथे जाऊन ती रद्द करणं आणि नवी घेणं. बाकी सगळं नंतर. सार्वजनिक जागी पडलेल्या किल्ल्या शोधणारे प्रोग्राम अखंड चालू असतात, त्यामुळे "पाचच मिनिटं होती" याला अर्थ नाही. इतिहासातून ती पुसायला `गिट फिल्टर-रेपो` हे साधन आहे, पण ते रद्द करण्याला पर्याय नाही. पुढच्या वेळी अशा गोष्टी `.ईएनव्ही` फाइलमध्ये ठेवा आणि ती पहिल्याच दिवशी `.गिटइग्नोर` मध्ये टाका.

१६. चूक झाली, मागे जायचंय. रिस्टोअर, रिसेट, रिव्हर्ट, अमेंड... नेमकं काय वापरू?

चूक कुठवर पोचली आहे ते आधी ठरवा.

फक्त फाइलमध्ये, ॲडही केलेलं नाही: `गिट रिस्टोअर` आणि फाइलचं नाव. सावध, हे बदल कुठेही शिल्लक राहत नाहीत.

ॲड झालं, कमिट नाही: `गिट रिस्टोअर --स्टेज्ड` आणि नाव. बदल फाइलमध्ये तसेच राहतात, फक्त स्टेजिंगमधून उतरतात.

कमिट झालं, पुश नाही: संदेश चुकला किंवा एखादी फाइल राहिली तर `गिट कमिट --अमेंड`. कमिटच मोडायचं पण काम ठेवायचं तर `गिट रिसेट --सॉफ्ट हेड~१` (हेड म्हणजे तुम्ही उभे आहात ते कमिट, हेड~१ त्याच्या एक आधीचं). `--हार्ड` लावलं तर कामही जातं, म्हणून तो शब्द लिहिताना थांबून `गिट स्टेटस` पाहा.

पुश झालं आणि इतरांनी ते घेतलं असेल: `गिट रिव्हर्ट` आणि त्या कमिटचा क्रमांक. तलाठ्याच्या फेरफार वहीत जुनी नोंद खरवडत नाहीत, ती रद्द करणारी नवी नोंद घालतात. रिव्हर्ट तेच करतं. इथे अमेंड किंवा रिसेट वापरलं तर तुमचा इतिहास आणि सहकाऱ्यांचा इतिहास वेगळे पडतात, आणि मग जबरदस्तीने पुश करायचा मोह होतो. ब्रँच फक्त तुमचीच असेल तर ते चालेल, तेव्हाही `--फोर्स` ऐवजी `--फोर्स-विथ-लीज` द्या. मधल्या वेळात तुम्ही न पाहिलेलं काम कोणी टाकलं असेल तर पुश थांबतं.

रिस्टोअर आणि स्विच या कमांड २०१९ च्या २.२३ आवृत्तीत आल्या. त्याआधीच्या नोट्समध्ये दोन्ही कामांना `गिट चेकआउट` दिसेल, तेही अजून चालतं.

१७. पुश केलं तर "रिजेक्टेड" येतं.

तुमच्या आधी कोणीतरी पुश केलंय आणि ते काम तुमच्याकडे नाही. कधी कधी तो "कोणीतरी" तुम्हीच असता, गिटहबच्या पानावर रीडमी (प्रकल्पाची माहिती देणारी फाइल) बदललेला असतो. `गिट पुल --रीबेस` द्या, मग पुश. रीबेस म्हणजे त्यांचं काम आधी घेऊन तुमची कमिट त्याच्या पुढे लावणं. पुल करताना कमिट न केलेले बदल आडवे आले तर कमिट करून टाका, किंवा `गिट स्टॅश` ने बाजूला ठेवा आणि नंतर `गिट स्टॅश पॉप` ने परत घ्या. `--फोर्स` हे यावरचं उत्तर नाही. त्याने दुसऱ्याचं काम उडतं.

१८. मर्ज (दोन बाजूंचे बदल एकत्र करणं) करताना कॉन्फ्लिक्ट आला. फाइलमध्ये `<<<<<<<` असं काहीतरी भरलंय. सगळं नव्याने क्लोन करू?

करू नका. काहीही मोडलेलं नाही. एकाच जागी दोघांनी वेगवेगळं लिहिलंय आणि कोणाचं ठेवायचं ते गिट तुम्हाला विचारतंय. `<<<<<<<` पासून `=======` पर्यंत एक बाजू, तिथून `>>>>>>>` पर्यंत दुसरी. दोन्ही वाचा, हवं तसं लिहा, तिन्ही खुणांच्या ओळी काढा, फाइल चालवून पाहा, मग `ॲड` आणि `कमिट`. शक्य असेल तर दुसरी बाजू लिहिणाऱ्याला फोन करा. त्याने ते का बदललं हे गिटला माहीत नसतं, त्याला असतं. धीर सुटला तर `गिट मर्ज --अबॉर्ट` तुम्हाला मर्जच्या आधीच्या अवस्थेत नेतं.

रीबेस करताना कॉन्फ्लिक्ट आला असेल तर दोन फरक आहेत. शेवटी कमिटऐवजी `गिट रीबेस --कंटिन्यू` द्यायचं. आणि बाजू उलट्या होतात: वरचा भाग समोरच्यांचा, खालचा तुमचा.

१९. `गिट रिसेट --हार्ड` दिलं आणि दोन दिवसांचं काम गेलं. परत मिळेल का?

कमिट केलेलं असेल तर बहुधा मिळेल. `गिट रिफ्लॉग` द्या. तुम्ही ज्या ज्या कमिटवर उभे होता त्यांची यादी येते. हवं ते सापडलं की `गिट स्विच -सी सुटका` आणि त्यापुढे त्याचा क्रमांक (सुटकाऐवजी ब्रँचला कोणतंही नाव द्या). काम नव्या ब्रँचवर हजर. कुठल्याच ब्रँचला न जोडलेल्या कमिटची ही नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस टिकते, म्हणून लवकर करा. रिफ्लॉग तुमच्याच संगणकावर असतो. फोल्डर उडवून नव्याने क्लोन केलंत तर तोही गेला.

ॲड केलं होतं पण कमिट नाही, तर `गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड` ने फाइलींचा मजकूर मिळू शकतो, नावं मात्र मिळत नाहीत. ॲडही केलं नव्हतं तर गिटने ते कधी पाहिलंच नाही. एडिटरचा स्वतःचा इतिहास तेवढा तपासा. व्हीएस कोडमध्ये फाइलच्या टाइमलाइनमध्ये जुनी रूपं सापडू शकतात.

"डिटॅच्ड हेड" वाचून घाबरून लिहिणाऱ्यांनाही हेच: तुम्ही ब्रँचऐवजी एका जुन्या कमिटवर उभे आहात. नुसतं पाहायचं होतं तर `गिट स्विच -` ने परता. तिथे काही कमिट केलं असेल तर निघण्याआधी `गिट स्विच -सी` ने त्याला ब्रँचचं नाव द्या.

२०. `गिट स्टेटस` माझ्या डाउनलोड्स, फोटो, सगळ्याच फाइली दाखवतं. हे काय झालं?

कधीतरी `गिट इनिट` प्रकल्पाऐवजी मुख्य फोल्डरमध्ये दिलं गेलं. `गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल` भांडाराचं मूळ दाखवेल. ते मुख्य फोल्डरच निघालं, आणि तिथे ठेवण्यासारखी कमिट नाहीत याची `गिट लॉग` ने खात्री झाली, तर त्या फोल्डरमधलं `.गिट` तेवढं काढा. ते लपलेलं असतं, `एलएस -ए` ने दिसतं. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, पण काढण्याआधी `पीडब्ल्यूडी` दोनदा पाहा: चुकीच्या ठिकाणचं `.गिट` गेलं तर त्या प्रकल्पाचा इतिहास गेला.

२१. माझ्या विंडोजवर साइट नीट चालते, लिनक्स सर्व्हरवर एक फोटो दिसत नाही. नावातलं मोठं अक्षर लहान केलं, तरी गिट म्हणतं काहीच बदललं नाही.

विंडोज आणि मॅक सहसा `लोगो` चं पहिलं अक्षर मोठं असो वा लहान, एकच फाइल मानतात. लिनक्स दोन वेगळ्या मानतो. त्यामुळे पानात एक रूप आणि फाइलला दुसरं असलं तरी तुमच्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही. नुसत्या अक्षराच्या आकाराचा बदल विंडोजवर गिटच्या नजरेतून निसटतो, म्हणून नाव एक्सप्लोररमध्ये बदलू नका. `गिट एमव्ही` ला जुनं आणि नवं नाव देऊन बदला. फाइलऐवजी फोल्डरचं नाव असेल तर ते दोन टप्प्यांत करा: आधी एखादं तात्पुरतं नाव, मग हवं ते. कमिट, पुश, आणि सर्व्हरवर पुल केलं की फोटो दिसेल.